प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि फुप्फुसांचा संसर्ग : औषधाच्या मात्रेचा पेच

कोलकाता : पूर्व भारतातील अवयव प्रत्यारोपणाचे समन्वय केंद्र येथील एसएसकेएम रुग्णालयात आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी त्यानंतर रुग्णाला होणारा साधा खोकलाही डॉक्टरांपुढे पेच उभा करतो. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी टॅक्रोलिमससारखी औषधे कायम घ्यावी लागतात. परिणामी न्यूमोनियातही ताप जेमतेमच असू शकतो. मात्रा कमी करावी तर मूत्रपिंड धोक्यात, न करावी तर फुप्फुसे.

रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी नियमित मोजली जाते. मात्र, त्यातून औषध किती आहे हे कळते, प्रतिकारशक्ती किती उरली हे नव्हे. त्यासाठी संशोधकांचे लक्ष १९९७ मध्ये जपानमध्ये आढळलेल्या, निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या टॉर्क टेनो विषाणूकडे वळले आहे. रक्तातील त्याचे प्रमाण वाढल्यास संसर्गाची, तर घटल्यास अवयव नाकारला जाण्याची शक्यता अधिक, असे युरोपातील अभ्यासांत दिसले.

भारतात क्षयरोगामुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते. म्हणजे फुप्फुसांवरचा उपचारच मूत्रपिंडावर उलटू शकतो. अशा वेळी रिफाब्युटिनचा पर्याय निवडला जातो किंवा टॅक्रोलिमसची मात्रा वाढवून रक्ततपासणी वारंवार केली जाते.