बंदरातून निघालेली द्राक्षे

आपल्या रायगड जिल्ह्यात न्हावा आणि शेवा अशी दोन गावे आहेत. तेथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. उर्दूत 'बंदर' म्हटले की आधी झाडावरचे माकड आठवते. मराठीत मात्र बंदर म्हणजे जहाजे लागण्याची जागा, म्हणजेच तुमचा 'बंदरगाह'. नाशिकची द्राक्षे आणि कांदा याच बंदरातून परदेशी जातात. दूर कोठे युद्ध पेटले, तर या मालाचे काय होते?

द्राक्षांचे उदाहरण घेऊ. जानेवारी ते एप्रिल हा त्यांच्या तोडणीचा काळ. घड थंड करून खोक्यांत भरतात आणि खोकी शीत कंटेनरमध्ये ठेवतात. तेथे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. तोडलेले फळही जिवंत असते, ते श्वास घेत असते. थंडीने त्याचे म्हातारपण लांबते, टळत नाही. म्हणून जहाजाला किती दिवस लागतात, याला फार महत्त्व आहे.

युरोपला जाणारे जहाज अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात शिरते आणि सुएझ कालव्यातून पुढे जाते. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी 'बाब-अल-मंदब' ही अरुंद सामुद्रधुनी आहे. 'बाब' म्हणजे दरवाजा, हे तुम्हाला सांगायला नको. पूर्ण नावाचा अर्थ 'अश्रूंचा दरवाजा' असा सांगतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध सुरू झाले. नोव्हेंबरपासून येमेनमधील हूथी गटाने या भागातील व्यापारी जहाजांवर हल्ले चालवले. डिसेंबरमध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी हा रस्ता सोडला आणि त्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, आणि तोही द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर.

दोन आठवडे उशीर म्हणजे नुसता उशीर नव्हे. इंधन जास्त लागते, विमा महागतो, भाडे वाढते. गेलेले कंटेनर उशिरा परततात, त्यामुळे येथे रिकामे कंटेनर मिळेनासे होतात. घडाचा देठ सुकून तपकिरी पडतो आणि तिकडचे गिऱ्हाईक आधी देठच पाहते. ही सगळी जोखीम धरून निर्यातदार बागेतच कमी भाव सांगतो. शेतकऱ्याचा छाटणी-फवारणीचा खर्च तर आधीच झालेला असतो. जो माल जहाजावर चढत नाही तो इथल्या बाजारात येतो आणि तेथील भावही खाली ओढतो. नाशिकच्या ज्या शेतकऱ्याने तांबडा समुद्र नकाशातही पाहिला नसेल, त्याच्या हिशेबात तो समुद्र असा येतो.

युद्ध नसतानाही वाट अडते. विदर्भातील संत्र्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशाने २०१९ नंतर संत्र्यांवरील आयात कर वाढवत नेला. २०२३ पर्यंत तो चौपटीहून अधिक झाला. (जुन्या मराठीत अशा कराला 'जकात' म्हणत. तुमच्या ओळखीची 'ज़कात' वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका.) ढाक्याच्या बाजारात संत्री महागली, मागणी घटली आणि वरूड-मोर्शीकडे संत्र्यांचे ढीग पडून राहू लागले.

शेजाऱ्याला बोल लावणे सोपे आहे, पण आपणही तसेच वागलो आहोत. देशात कांदा महागला म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. पुढच्याच महिन्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. स्वयंपाक्याला आता कांद्याशिवाय रांधायला सांगितले आहे, असे त्या हसत म्हणाल्या. बोलणे गमतीचे होते, टोचणी खरी होती. बांगलादेशाने मग म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान येथून कांदा आणला आणि स्वतःची लागवडही वाढवली. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या शेतकऱ्यांचा कांदा बाजारात येताच त्याने भारतीय कांद्याला दार लावले आणि भाव चढल्यावर जूनमध्ये उघडले.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला भारताने पुन्हा कांदा निर्यातबंदी केली. म्हणजे एकाच महिन्यात नाशिकच्या द्राक्षांची वाट युद्धाने लांबवली आणि कांद्याची वाट आपल्याच सरकारच्या आदेशाने बंद झाली. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा हवा हे खरे. पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी, हा प्रश्न उरतोच. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. ते शुल्क पुढे कमी होत १ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण गेले.

आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे मात्र निराळे आहे. भात कापल्यावर त्याच शेतात तो लावतात, त्याच्या माळा विणतात आणि रस्त्याकाठी टांगतात. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईचे गिऱ्हाईक दारात येऊन माळ घेऊन जाते, त्यामुळे त्याला कंटेनर लागत नाही आणि सुएझही लागत नाही. पण तो पिकतो थोडा. नाशिकचा कांदा ट्रकच्या ट्रक निघतो. तो रस्त्याकाठी माळा टांगून संपणारा नाही, त्याला बंदर लागतेच.