‘मला खाली नेलं होतं’ – लहानपणीच्या आठवणीचं कोडं

गटाच्या बैठकीत भुताखेताचा विषय निघाला, की कुणीतरी हळूच सांगतंच, “मी लहान होते तेव्हा मला रात्री कुणीतरी उचलून नेलं होतं.” कुणी म्हणतं, आसरांनी पैनगंगेच्या डोहाखाली नेलं. कुणी म्हणतं, जमिनीखाली दिव्यांचं गाव पाहिलं. आता मोबाइलवर व्हिडिओ बघणारी पोरं म्हणतात, परग्रहावरचे लोक आले होते. सांगणारी बाई खोटं बोलत नसते. मग हे घडतं कसं, ते आज समजून घेऊ.

पहिलं कारण झोपेत आहे. आपण स्वप्न बघत असतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच उठून पळालो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि अंग मात्र मोकळं व्हायचं राहतं. डोळे उघडे, पण हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर ओझं वाटतं, खोलीत कुणी उभं आहे असं दिसतं. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत हे संपतं. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. जागरण, काळजी, उताणं झोपणं यानं तो वाढतो. ‘कोण होतं’ याचं उत्तर मात्र आपण ऐकलेल्या गोष्टींतून येतं. आपल्याकडे आसरा किंवा भूत, अमेरिकेत परग्रहवासी.

दुसरं कारण आठवणीत आहे. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेलं लुगडं नव्हे, की काढलं तसंच निघेल. दर वेळी सांगताना ती नव्यानं विणली जाते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ साली २४ जणांना सांगितलं, की तुम्ही लहानपणी बाजारात हरवला होता. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे तसं काही घडलेलंच नव्हतं. तरी सहा जणांना ते थोडंफार ‘आठवलं’. घरात आजी, मामी तीच गोष्ट दहादा सांगत असतील, तर लेकराला ती स्वतःचीच वाटू लागते.

एवढ्यानं काय बिघडतं? बिघडतं. ‘पोरं पळवणारे आले’ ही भीती फोनवरून पसरली आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते.

दुसरा धोका घरातला. ‘हिला बाहेरचं लागलं’ म्हणून मुलीला बांधतात, मारतात, मिरचीची धुरी देतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. झोपेत झटके येत असतील, जीभ चावली जात असेल, अंथरुणात लघवी होत असेल, तर ती मिरगी असू शकते. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. मनाचा त्रास असेल तर १४४१६ या सरकारी नंबरावर फुकट बोलता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. लेकरू म्हणालं, “मला कुणीतरी नेलं, अंगाला हात लावला,” तर ‘स्वप्न असेल’ म्हणून गप्प करू नका. त्यामागं खरा माणूस असू शकतो. पण ‘अमक्यानंच केलं ना?’ असंही विचारू नका. लेकराच्या तोंडी आपलेच शब्द येतील आणि खरं काय ते हरवेल. एवढंच म्हणा, “मग काय झालं? सांग, मी ऐकते.” ते जे शब्द वापरेल ते तसेच लिहून ठेवा. वारंवार विचारू नका. १०९८ ला फोन करा.

येत्या बैठकीत हा विषय काढा. जिला असा अनुभव आला असेल तिला हसू नका. तिला सांगा, बाई, तू वेडी नाहीस, तुला लागिरही झालं नाही.