आधी सैनिक मोजा, मग किल्ला बांधा

दिवाळीत आपण किल्ला करतो ना, तीच कला टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांना लागते. मी आपला नगरचा भुईकोट निवडला. गोल तट, बुरूज, खंदक. १८०३ मध्ये वेलस्लीने सिंध्यांकडून घेतलेला. थर्माकोल कापला, वाळू चिकटवली, पाण्याचा रंग दिला (स्प्रेने थर्माकोल विरघळतो).

तरी पहिले पाच नग पडून राहिले. का? तटावर सैनिक उभाच राहीना! सैनिक साधारण २८ मिलिमीटरचा, त्याची बैठक २५ची. माझी फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, फक्त १५ची. आता ३५ ठेवतो. तटही सुट्या तुकड्यांत करतो, पार्सल सोपं जातं.

नुसतं भारी दिसून विकत नाही, गिऱ्हाइकाच्या खेळात बसावं लागतं. माल करण्याआधी मोजपट्टी काढा!