लेकीचा वर्ग घरात भरतो तेव्हा

कॉलेजचा वर्ग मोबाईलवर भरला, तरी नियम कॉलेजचेच असतात. २०२१ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आपल्या नगर जिल्ह्यातल्या मुलामुलींचीही परीक्षा ऑनलाइन घेतली, तेव्हा पर्यवेक्षकाचं काम कॅमेऱ्याने केलं. अशा वेळी मागून कुणी बोललं, शेजारी येऊन बसलं, तर कॉपीचा संशय लेकीवर येतो. म्हणून तास किंवा पेपर चालू असताना आपण तिला चुलीकडे, गोठ्याकडे हाक मारायची नाही. हजेरी किती लागते, गृहपाठ कधी द्यायचा, रेंज गेली तर कुणाला कळवायचं, हे पहिल्याच दिवशी तिला वहीत लिहायला सांगू. मैत्रिणीचा गृहपाठ उतरवला तर तीही कॉपीच, हेही समजावू. घरात मोबाईल एकच असेल, तर तासापुरता तो तिचा. एवढं आपल्या हातात आहे.