पुरावा आधी, औषध नंतर

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातली आई आपल्या आजारी मुलाला औषधाचा चमचा पाजते, ती केवळ विश्वासावर. बाटलीतील द्रव शुद्ध आहे की विषारी, हे तिलाच काय, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते कळते प्रयोगशाळेत. म्हणूनच औषधाच्या निर्धोकपणाचा पुरावा कोणी आणि केव्हा द्यावयाचा, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नव्हे.

मुंबईचे जे. जे. रुग्णालय हा कोकणी माणसाचा पिढ्यानपिढ्यांचा आधार. गावचे इलाज थकले की पूर्वी बोटीने आणि पुढे एस. टी.ने रुग्ण मुंबई गाठत. त्याच रुग्णालयात १९८६ च्या आरंभी ग्लिसरीन पोटात दिलेले १४ रुग्ण दगावले. मेंदूतील वा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी दिलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने केवळ पुरवठादारावर ठपका ठेवला नाही. रुग्णालयाची खरेदी आणि अन्न व औषध प्रशासनाची देखरेख यांतील अनास्था आणि भ्रष्टाचारही त्याने चव्हाट्यावर आणला.

हे विष तेव्हा अपरिचित होते काय? मुळीच नाही. १९३७ साली अमेरिकेत याच रसायनात कालवलेल्या औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते. दुसऱ्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि नवे औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. आपल्याकडेही १९४० पासून कायदा आहे. तरीही २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. जेथे ०.१ टक्क्याहून अधिक अंश चालत नाही, तेथे तपासणीत ४८.६ टक्के विष आढळले.

यातील विसंगती अधिक बोचणारी आहे. २०२२ मध्ये गांबियातील बालमृत्यूंनंतर, १ जून २०२३ पासून, परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. छिंदवाड्यातील मुले दगावली तेव्हा देशातच विकल्या जाणाऱ्या बाटलीला तशी अट नव्हती. परक्या मुलांसाठी जी दक्षता, ती आपल्या मुलांसाठी का नसावी?

तपासणीमुळे औषधे महागतील आणि लहान कारखानदार अडचणीत येतील, असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु मग शासनाने प्रयोगशाळा वाढवाव्यात, तपासणीचा भार उचलावा. लहान कारखान्यातून आले म्हणून विष सौम्य होत नाही.

मृत्यू घडल्यावर आयोग नेमणे हा शोक झाला, संरक्षण नव्हे. प्रत्येक उत्पादनगटाची विक्रीपूर्व तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष कोणाही नागरिकास पाहता यावा, ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून उठली पाहिजे. रत्नागिरीच्या सुशिक्षितांनी तिचा आरंभ केला, तर जे. जे. मधील त्या १४ जणांचे मरण अगदीच व्यर्थ गेले असे म्हणावे लागणार नाही.