यंत्रांची दुखणी – भाग ७ : बँडसॉचे पाते दर वेळी दोषी नसते

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी वसाहतीतून एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाचे ओखल्याला छोटे वर्कशॉप आहे. लोखंडी बार आणि पाइप कापून द्यायचे काम चालते. बँडसॉवर नवे पाते चढवले की चार दिवस बरे जातात, मग काप तिरका येऊ लागतो आणि दाते झडतात. पातेविक्रेता मशीनला नावे ठेवतो, मेकॅनिक म्हणतो पाते हलके आहे. भोसरीत आणि शिरोलीतही हाच वाद चालतो. मागच्या भागात आडव्या बँडसॉची रचना पाहिली. आज त्याची दुखणी.

सुरुवात मशीनखाली पडलेल्या चिप्सपासून करा. सैल गुंडाळलेल्या, चांदीसारख्या, हाताला कोमट लागणाऱ्या चिप्स म्हणजे सगळे ठीक. पिठासारखा बारीक भुगा पडत असेल तर फीड कमी आहे. दाते धातू कापण्याऐवजी नुसते घासतात आणि बोथट होतात. जाड, निळ्या पडलेल्या चिप्स म्हणजे फीड जास्त, किंवा कुलंट कापाच्या जागी पोचतच नाही.

आता तिरका काप. येथे बरेच जण चकतीची जाडी मोजतात आणि फसतात. लागोपाठचे दोन्ही काप सारखेच तिरके असले तर जाडी सगळीकडे एकच भरते. म्हणून कापलेल्या तोंडाला गुण्या लावा. तोंड सपाट, पण डावी-उजवीकडे कललेले असेल तर व्हाइसचा जबडा काटकोनात नाही. वरून खाली कललेले असेल तर गाईड तपासा. तोंडाला बाक आला असेल, तर पाते कापताना वाकते आहे. त्याची कारणे चार: ताण कमी, फीड जास्त, दाते बोथट, किंवा सरकता गाईड जॉबपासून फार लांब. शेवटचे कारण सर्वात जास्त आढळते आणि फुकटात दुरुस्त होते. गाईड जॉबला लागणार नाही इतपत जवळ आणून घट्ट करा.

दाते झडण्यामागे बहुधा पात्याची निवड चुकलेली असते. इंचाला 4 दाते असलेल्या पात्यात दोन दात्यांमधले अंतर सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास असते. पाइपची भिंत 3 मिलिमीटरची असेल तर ती या फटीत शिरते आणि पुढचा दात तिच्यावर आदळून तुटतो. पातळ पाइपला 10/14 सारखे बारीक दात्यांचे पाते हवे. उलट, 100 मिलिमीटरच्या भरीव बारवर 14 दात्यांचे पाते लावले तर एका वेळी सुमारे 55 दाते धातूत असतात. दात्यांमधल्या खाचा चिप्सनी भरतात आणि पाते पुढे सरकत नाही. तिथे 3/4 चे पाते योग्य. एकाच पात्यावर पाइपही आणि भरीव बारही कापायचा, ही काटकसर महागात पडते.

नवे पाते जुन्या अर्धवट कापात कधीही उतरवू नका. झिजलेल्या पात्याने केलेली खाच अरुंद असते, नव्याचे दाते तिच्यात अडकतात. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने कापा. पहिले काही काप निम्म्या फीडवर घ्या. नव्या दात्यांची अतितीक्ष्ण धार बसली की ते जास्त टिकतात. चिप्स झाडणारा तारेचा ब्रशही पाहा. तो झिजला की चिप्स पात्याबरोबर फिरून पुन्हा कापात जातात.

पाते तुटले तर फेकण्याआधी तुकडा पाहा. जोडावर तुटले असेल तर वेल्डिंग किंवा त्यानंतरचे तापवणे बिघडले. दात्यांच्या खाचांमधून तडे गेले असतील तर ताण जास्त किंवा गाईड फार आवळलेले. पाठीकडून चीर आली असेल तर पाते चाकाच्या कडेला किंवा मागच्या बेअरिंगला घासते आहे.

दिल्लीकरांसाठी एक जादा सूचना. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात सोल्युबल ऑइल नीट मिसळत नाही, वर साय धरते. शक्यतो गोडे पाणी वापरा आणि नेहमी पाण्यात तेल ओता, तेलात पाणी नव्हे. उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून मिश्रण दाट होते, तेव्हा भर घालायची ती पातळ मिश्रणाची.

तपासणीचा क्रम चिप्स, गाईड, ताण, ब्रश, कुलंट आणि सर्वात शेवटी पाते, असा ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दुखणे कशाने बरे झाले ते कळणार नाही. हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. पाते चढवता-उतरवताना हातमोजे घाला, चालू मशीनजवळ मात्र कधीच घालू नका. आणि मशीनजवळ एक वही ठेवा: पाते कधी चढवले, काय कापले, का उतरवले. महिनाभराच्या नोंदी विक्रेत्याशी आणि मेकॅनिकशी वाद घालायला पुरेशा आहेत.

(पुढच्या आठवड्यात : ड्रिल मशीन आणि मोठी होणारी भोके)