गार्डची पारख

महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील गार्ड जोखताना पारखी मंडळी उंची, वेग आणि गुणसंख्या पाहतात. आम्हांस मात्र शून्य गुणांचा एक सामना अधिक बोलका वाटतो. अमेरिकेतील डेव्हिडसन या लहानशा महाविद्यालयाचा स्टीफन करी २००८-०९ च्या हंगामात सामन्यागणिक सरासरी २८.६ गुण मिळवून देशात पहिला आला. त्याच हंगामात लॉयोला संघाने त्याच्यावर सामनाभर दोन-दोन रक्षक ठेवले. करी शांतपणे कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. उरलेल्या चौघांपुढे मग तिघेच उरले. करीचे गुण शून्य आणि डेव्हिडसनचा विजय ३० गुणांनी! असा संयम विशीतल्या पोरात विरळाच.

तरीही त्याच्या किरकोळ अंगकाठीविषयी शंका होत्याच. २००९ च्या व्यावसायिक निवडीत मिनेसोटाने पाचवा रिकी रूबियो व सहावा जॉनी फ्लिन असे दोन गार्ड घेतले, करी सातवा. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने तीन गुणांच्या फेकींचा सर्वकालीन विक्रम मोडला, आणि मिनेसोटाच्या वाट्याला टीका आली. आम्ही तीत सामील होणार नाही. सिराक्यूजचा फ्लिन काही लेचापेचा नव्हता. मार्च २००९ मध्ये सहा जादा डावांच्या एका सामन्यात तो तब्बल ६७ मिनिटे झुंजला होता. पुढे खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि तीन हंगामांतच त्याची तेथील कारकीर्द आटोपली.